जुन्या जीपचे नट आणि हात न पोचणारे निपल

चिपळूणजवळच्या गावातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या वडिलांची जुनी विलीस जीप बरीच वर्षे अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली उभी होती. यंदा त्यांच्या मुलाने ती चालू केली आणि दोन लग्नांना नेऊनही आणली. गावातला मिस्त्री वयाने मोठा, हाताचा चांगला. पण उघडलेला प्रत्येक नट तो पुसून तोच परत लावतो आणि म्हणतो, "आपा, जुना माल आहे, असा लोखंडी नट आता मिळायचा नाही." ग्रीस मारताना चार-सहा ठिकाणी मारतो आणि बाकीच्या जागा 'तिथे गन जात नाही' म्हणून सोडून देतो. या दोन्ही गोष्टी चालतील का, असे त्यांनी विचारले आहे. मुलगा जीप घेऊन कऱ्हाडला जायचे म्हणतो, वाटेत कुंभार्ली घाट आहे, हे पत्राच्या तळाशी वेगळ्या शाईत लिहिले आहे. खरा प्रश्न तोच असावा.

उत्तर आधीच देऊन टाकतो. नटांच्या बाबतीत मिस्त्री अर्धा बरोबर आहे. ग्रीसच्या बाबतीत तो बरोबर नाही.

नट दोन कामे करतो, हे आधी लक्षात घेऊ. पहिले काम आवळून धरण्याचे. बोल्ट आवळला की तो केसभर ताणला जातो आणि त्या ताणामुळे दोन भाग एकमेकांना चिकटून राहतात. हे काम लोखंडाचे आहे. आटे शाबूत असतील तर लोखंड ते पन्नास वर्षेही करते. दुसरे काम सुटू न देण्याचे. गाडी थरथरते, खड्ड्यात आपटते, आणि साधा नट त्या थरथरीने हळूहळू ढिला होतो. तो ढिला होऊ नये म्हणून त्याला एक कुलूप लागते. कुठे ते कुलूप म्हणजे आडवी पिन असते, कुठे वाकवलेला पत्रा, कुठे नायलॉनची कडी. हे कुलूप मात्र वापरले की झिजते, काही तर एकदाच वापरायचे असते. म्हणून 'जुना नट चालेल का' असे एकच उत्तर नसते. लोखंड चालेल, कुलूप चालेलच असे नाही.

आता एकेक पाहू. जीपच्या स्टिअरिंगमध्ये टाय रॉडच्या टोकांना खाचांचा नट असतो. मिस्त्री लोक त्याला कॅसल नट म्हणतात. वरून पाहिला तर किल्ल्याच्या तटासारखा दिसतो. त्याच्या दोन खाचांमधून आणि बोल्टच्या भोकातून एक दुमडलेली पिन आरपार जाते. तिला स्प्लिट पिन किंवा कॉटर पिन म्हणतात. हा नट खुशाल पुन्हा लावावा, फक्त आटे तपासून. पिन मात्र कधीही पुन्हा लावू नये. ती मऊ लोखंडाची असते आणि एकदाच वाकण्यासाठी केलेली असते. सरळ करून पुन्हा वाकवली की त्याच जागी चीर धरते. पिनेऐवजी खिळा घालणे किंवा बाइंडिंग वायर गुंडाळणे, हे आपल्याकडे सर्रास चालते आणि ते स्टिअरिंगला चालत नाही. भोकात डगडगणारी बारीक पिनही नको. भोक भरेल अशी पिन हवी. तिची किंमत चहाच्या कपाएवढीही नसते.

इथे एक बारकावा आहे. नट हवा तेवढा आवळला आणि भोक खाचेसमोर आले नाही तर काय करायचे? टाय रॉडच्या टोकाला असेल तर थोडे आणखी आवळून पुढच्या खाचेवर न्यायचे, मागे कधीही सोडायचे नाही. कारण ते टोक निमुळते असते आणि निमुळत्या भोकात घट्ट रुतलेले असावे लागते. नट सैल केला की ते आत हलू लागते आणि भोक खाते. चाकाच्या निमुळत्या रोलर बेअरिंगचे मात्र बरोबर उलटे. तिथे चाक फिरवत नट आवळायचा आणि मग बेअरिंगला जराशी मोकळीक मिळेल एवढा मागे सोडायचा. ती आवळून ठेवली तर तापते आणि अडकते. दिसायला दोन्हीकडे नटच, पण एकीकडचा नियम दुसरीकडे लावला तर गाडी बिघडते. शाळेत आम्ही मुलांना उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. तिथेही हेच होते. 'दादा' हा शब्द एका भाषेत आजोबा आणि दुसरीत थोरला भाऊ. अक्षरे तीच, नाते वेगळे.

आणखी एक गोष्ट. टाय रॉडचे टोक काढताना पुष्कळ मिस्त्री नट उलटा फिरवून टोकावर ठेवतात आणि त्याच्यावर हातोडी मारतात. बोल्ट वाचतो, पण नटाचे आटे चेपतात. मग तोच नट परत लावला जातो. हातोडी खाल्लेला नट भंगारात टाकावा. खरे तर टोकावर मारायचेच नसते. ज्या भोकात ते रुतले आहे त्याच्या बाजूला ठोका दिला, किंवा त्यासाठी मिळणारा पुलर लावला, तर ते सुटते.

समोरच्या चाकांच्या हबमध्ये जीपला एकामागे एक दोन नट असतात आणि त्यांच्या मध्ये एक पातळ वॉशर. आतल्या नटाने बेअरिंग बसवायची, वॉशर घालायचा, बाहेरचा नट आवळायचा आणि वॉशरची कड नटाच्या सपाट बाजूवर वाकवायची. ही वाकवलेली कड म्हणजेच कुलूप. तोच वॉशर पुन्हा वापरायचाच असेल तर कडेचा न वाकलेला भाग वाकवावा. एकदा वाकलेला भाग सरळ करून पुन्हा वाकवणे म्हणजे पिनेचीच गत. आणि नवा वॉशर मिळत असेल तर एवढी काटकसर कशाला?

इंजिन उघडले असेल तर कनेक्टिंग रॉडच्या नटांवर पत्र्याचा एक पातळसा लॉकनट बसवलेला दिसेल. तो दरवेळी नवा लावायचा. या जागी चर्चा नको, कारण तिथला नट सुटला तर रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो.

नायलॉक नट मूळ जीपमध्ये फारसे नसतात, पण गेल्या कित्येक वर्षांत कोणी ना कोणी मिस्त्रीने ते ठिकठिकाणी लावलेले असतात. नटाच्या तोंडाशी नायलॉनची कडी असते आणि तिचे भोक बोल्टपेक्षा जरासे लहान असते. बोल्ट आत शिरताना तिच्यात स्वतःचे आटे कोरतो आणि कडी त्याला घट्ट धरून ठेवते. दरवेळी काढताना-लावताना तिची पकड कमी होते. ती शिल्लक आहे का, हे पाहायला सोपी परीक्षा आहे. बोल्ट साफ करावा आणि नट नुसत्या बोटांनी फिरवत न्यावा. नायलॉनपाशी आला की बोटांनी फिरता कामा नये, पाना घ्यावाच लागला पाहिजे. बोटांनी आरपार गेला तर त्याची लॉकनट म्हणून नोकरी संपली. विमानांच्या देखभालीतही तत्त्व हेच आहे. वापरलेल्या लॉकनटाला फिरवायला ठरलेला किमान जोर लागला नाही तर तो बाद. फरक इतकाच की तिथे बोटांच्या अंदाजावर न जाता तो जोर मापून पाहतात.

आमचे मत विचाराल तर स्टिअरिंग आणि ब्रेक या दोन जागी नायलॉकची परीक्षाही घेऊ नये, सरळ नवा लावावा. मडगार्ड, बॉनेट, सीट, हॉर्नचा पत्रा, तिथे परीक्षा पास झालेला जुना नट चालेल. बसवल्यावर बोल्टचा एखादा-दोन आटे तरी नायलॉनच्या बाहेर दिसले पाहिजेत. नाहीतर कडीने बोल्ट धरलेलाच नसतो. आणि सायलेन्सर किंवा एक्झॉस्टच्या जवळ नायलॉक अजिबात नको. नायलॉन साधारण १२० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागते आणि एक्झॉस्टचे लोखंड त्याहून कितीतरी तापते. तिथे पितळी किंवा तांब्याचा मुलामा दिलेला नट लावतात. तो गंजून चिकटतही नाही.

साध्या स्प्रिंग वॉशरबद्दल दोन शब्द पुरे. त्याची दोन टोके वर-खाली दिसली तर जीव आहे, सपाट झाला असेल तर फेकून द्या. दोन नट एकावर एक लावायचे असतील तर पातळ नट आत आणि जाड नट बाहेर हवा, कारण शेवटी भार बाहेरच्या नटावर येतो. बहुतेक ठिकाणी हे उलटे लावलेले आढळते, कारण पातळ नट वर शोभून दिसतो.

आता 'असा नट मिळायचा नाही' या वाक्याकडे येऊ. त्यात तथ्य आहे. जीप अमेरिकन घराण्याची. तिचे आटे इंचातले, आणि बाजारात आज बहुतेक नट मिलिमीटरमधले. ५/१६ इंची बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा असतो. ८ मिलिमीटरचा नट त्याच्यावर चढल्यासारखा वाटतो, दोन फेरे जातो, मग जोर लागतो. 'जाम बसला' म्हणून मिस्त्री खूश होतो. प्रत्यक्षात आटे एकमेकांना कापत असतात. इंग्रजी गाड्यांचे माप आणखी निराळे. त्याच ५/१६ इंची बोल्टला ब्रिटिश बारीक आट्यांत इंचाला २२ आटे आणि अमेरिकन बारीक आट्यांत २४. डोळ्याला फरक दिसत नाही, नटाला मात्र कळतो. उर्दूत आट्यांना 'चूडी' म्हणतात. गॅरेजमध्ये 'चूडी मर गई' असे ऐकू येते, ते बहुतेकदा अशा जबरदस्तीने लावलेल्या नटामुळेच. तेव्हा जुना नट चांगल्या आट्यांचा असेल तर तो भलत्या मापाच्या नव्या नटापेक्षा शंभर पटींनी बरा. मिस्त्रीची अर्धी बाजू ती हीच. पण योग्य आट्यांचे नट मोठ्या शहरांतल्या नट-बोल्टच्या दुकानांत मिळतात. आटे मोजायची पट्टी दुकानदाराकडे असते. जुना बोल्ट सोबत न्यावा म्हणजे झाले.

चाकांच्या नटांबद्दल सावध करतो. विलीस जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. सोडायचे म्हणून आपण जोर लावतो आणि ते आणखी आवळले जातात. कोणी पान्याला पाइप लावून उडी मारतो आणि बोल्ट मोडतो. गाडी तुमच्या हाती येण्याआधी कोणी हब बदलले असतील तर चारही बाजू सारख्या असू शकतात. म्हणून टायर पंक्चर होण्याची वाट न पाहता घरीच एकेक नट सोडून पाहावा आणि मुलाला दाखवून ठेवावा.

या जीपचा इतिहास वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल. तिची भारतातली कंपनी २ ऑक्टोबर १९४५ रोजी 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने सुरू झाली. महिंद्रा बंधूंचे भागीदार होते मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीच्या नावातले 'मोहम्मद' गेले आणि 'महिंद्रा' आले. आद्याक्षरे बदलावी लागली नाहीत.

आता ग्रीसकडे वळू. आमच्या मते घाटातला धोका नटाइतकाच इथेही आहे, फक्त तो आवाज न करता वाढतो.

जुन्या गाड्यांच्या काळात लोखंडावर लोखंड फिरे अशा प्रत्येक सांध्याला एक छोटे तोंड ठेवलेले असे. आधी त्यासाठी ग्रीसने भरलेल्या वाट्या असत आणि त्यांचे झाकण फिरवून ग्रीस आत दाबावे लागे. पुढे आतून स्प्रिंगने दाबलेली गोळी असलेला निपल आला. गन लावली की गोळी मागे सरते, ग्रीस आत जाते, गन काढली की गोळी तोंड बंद करते. आज आपण पाहतो त्या घाटाच्या निपलचे अमेरिकन पेटंट १९२९ चे. ते ऑस्कर झर्क यांच्या नावावर आहे, म्हणून इंग्रजीत अजूनही त्याला झर्क म्हणतात. आजच्या गाड्यांचे सांधे कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेले असतात, त्यामुळे तरुण मिस्त्रींना निपल शोधायची सवयच राहिलेली नाही. जुन्या जीपच्या पुस्तकात मात्र चेसिसला दर १००० मैलांनी, म्हणजे सुमारे १६०० किलोमीटरने, ग्रीस सांगितलेले आहे.

ज्या निपलपर्यंत हात पोचतो त्याला वर्षानुवर्षे ग्रीस मिळते. ज्याच्यापर्यंत पोचत नाही तो सांधा कोरडा झिजतो. म्हणून जुनी गाडी घेतली की आधी अवघड जागांचे सांधे हलवून पाहावेत. जीपमध्ये अशा जागा ठरलेल्या आहेत: कमानीच्या पाट्यांचे शॅकल, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि त्याचा सरकता जोड, पायाखालच्या क्लच-ब्रेकच्या पेडलांचा शाफ्ट, आणि टाय रॉडची टोके. पेडलांच्या शाफ्टचा निपल चिखलाखाली असा दडलेला असतो की तो आहे हेच कित्येकांना माहीत नसते. तो कोरडा पडला तर ब्रेकचे पेडल दाबल्यावर पूर्ण मागे येत नाही, आणि लायनर ड्रमला घासून तापत राहतात. घाट उतरताना याचा अर्थ काय, ते सांगायला नको.

पोचायचे कसे? निम्म्या जागांना नवे हत्यार लागतच नाही, गाडी हलवावी लागते. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवले की चाकामागचे निपल उघडे पडतात, मग दुसऱ्या बाजूला वळवावे. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा निपल वर तोंड करून असेल तर गाडी सपाट जागेवर न्यूट्रलमध्ये हातभर ढकलावी, शाफ्ट फिरतो आणि निपल खाली येतो. ढकलून झाल्यावर चाकांना पुढे-मागे दगड लावल्याशिवाय कोणी खाली जाऊ नये. जॅक लावला असेल तर घोडी लावल्याखेरीज नाहीच. जॅकवर विसंबून गाडीखाली झोपणाऱ्याला आम्ही धाडसी म्हणणार नाही.

तरीही गन पोचली नाही तर ग्रीस गनला लोखंडी नळीऐवजी लवचीक रबरी नळी लावावी. वळणावर काटकोनी तोंड मिळते. क्रॉसच्या मधल्या फटीत सुईसारखे निमुळते तोंड जाते. आणि सगळ्यात चांगला, कायमचा उपाय म्हणजे निपलच बदलणे. सरळ निपल काढून त्याच आट्यांचा ४५ किंवा ९० अंशात वाकलेला निपल बसवता येतो. हे एकदा केले की पुढची वीस वर्षे तक्रार नाही. क्रॉस बदलण्याची वेळ आलीच तर मिस्त्रीला आधीच सांगावे की निपलचे तोंड गन जाईल अशा बाजूला ठेव. बसवताना ही काळजी घ्यायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

निपलवर गन लावून नुसती दाबली म्हणजे ग्रीस गेले असे नाही. सांध्याच्या कडेने जुने काळे ग्रीस बाहेर येऊन त्यामागून नवे दिसू लागले पाहिजे. गनच्या तोंडाभोवतीच ग्रीस साचत असेल तर निपल बुजला आहे. तो काढून डिझेलमध्ये भिजत टाकावा, गोळी सुईने दाबून पाहावी. तरी मोकळा झाला नाही तर नवा लावावा. नवा निपल घेऊनही ग्रीस जात नसेल तर आतली वाट कडक झालेल्या जुन्या ग्रीसने भरली आहे. शॅकलसारख्या सांध्यात आणखी एक युक्ती उपयोगी पडते. चेसिस जॅकने उचलून पाट्यांवरचा भार काढावा आणि मग ग्रीस मारावे. भार असताना झिजणारी बाजू घट्ट दाबलेली असते आणि ग्रीस फक्त मोकळ्या बाजूला जाते, म्हणजे नेमकी गरज आहे तिथे नाही.

निपल पुसल्याशिवाय गन लावू नये. लावली तर तोंडावरची वाळू आपण स्वतःच दाबून सांध्यात भरतो. ग्रीस लिथियमचे, दुकानदार ज्याला 'दोन नंबर' म्हणतात ते घ्यावे आणि मग तेच वापरत राहावे. वेगवेगळ्या जातींचे ग्रीस एकत्र झाले तर कधी कधी पातळ होऊन गळते. चाकाच्या हबमध्ये मात्र सढळ हात नको. बेअरिंगमध्ये नीट भरावे, पण हब ठासून भरला तर तापल्यावर ग्रीस सील ओलांडून ब्रेकच्या लायनरवर येते.

शेवटची सूचना घरातल्या लहानांसाठी. हाताच्या ग्रीस गनमध्येही दाब प्रचंड असतो. नळीला चीर असेल किंवा तोंड निपलवर नीट बसले नसेल, तर ग्रीस बारीक धारेने कातडीतून आत शिरू शकते. बोटावर सुई टोचल्याएवढी खूण दिसते, पहिले काही तास फारसे दुखतही नाही. तरीही लगेच मोठ्या दवाखान्यात जावे आणि काय झाले ते स्पष्ट सांगावे. उशीर झाला तर बोट गमवावे लागते. गन चालू असताना नळी हाताने पकडू नये, आणि गळते कुठे ते बोट लावून पाहू नये.

आमच्या भगिनीसाठी एवढेच. मुलाला खडू घेऊन गाडीखाली पाठवा. सापडेल त्या प्रत्येक निपलला खूण करू दे आणि एकूण आकडा शेडच्या भिंतीवर लिहू दे. पुढच्या वेळी मिस्त्री आला की आधी तो आकडा दाखवा, आणि कॉटर पिनांची नवी पुडी त्याच्या हातात द्या.